सीपीआरसमोरचं आमचं टायपिंग सेंटर: आमची वाटचाल

आमचा धंदा वकिलांच्या टायपिंगचा. दावा, कैफियत, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), जामीन अर्ज. बाबांनी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर, जुन्या कोर्टाच्या दारात मराठी रेमिंग्टन टाइपरायटर मांडलं. हिरवा लेजर कागद, मधे कार्बन, एका दमात चार प्रती. चौथ्या प्रतीवरचं जोडाक्षरही जज्जसाहेबांना वाचता आलं पाहिजे, हा बाबांचा दंडक. पुढे गोदरेजचं मशीन घेतलं. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, तरी आमचं मशीन तेलपाणी करून आजही चालू आहे. नंतर संगणक आला, मराठी फॉन्टची श्रीलिपी आली, युनिकोड आलं.

मग कोर्टं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात गेली आणि आमच्या दारातली वर्दळ एकदम थांबली. आमच्याकडेच टायपिंगला बोटं बसवलेल्या एका माणसाने तिकडे दुकान टाकलं. दुकान टाकण्याला माझी हरकत नव्हती, प्रत्येकाला पोट आहे. पण बाबांनी जमवलेले मसुद्यांचे नमुने तो पेनड्राइव्हवर घालून घेऊन गेला, आणि ज्युनिअर वकिलांना सांगत सुटला की सीपीआरवाले बंद झाले. आम्ही रोज शटर उघडून बसत होतो! पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आली. झेरॉक्स मशीनचा हप्ता भरायला घरातलं सोनं गहाण पडलं. तो माणूस आजही समोर आला तर मी बोलत नाही.

त्या काळात एक ज्येष्ठ दिवाणी वकीलसाहेब बावड्याहून स्कूटरवर फायली घेऊन आमच्याकडेच यायचे. "मिळकतीच्या चतुःसीमा तूच टाइप करायच्या," म्हणायचे. टाळेबंदीत न मागता आगाऊ पैसे देऊन गेले. हिशेब अजून विचारलेला नाही.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि सगळे नमुने नव्याने बांधावे लागले. अटकपूर्व जामिनाचं जुनं कलम ४३८ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२ झालं, आणि गुन्हा रद्द करण्यासाठीचं जुनं ४८२ गेलं ५२८ वर. नव्या वकिलांना माझं सांगणं आहे, जुन्या फाइलवर 'सेव्ह ॲज' करून अर्ज काढू नका. विनंतीचा परिच्छेद स्वतः वाचा. स्कॅन सरळ आणि पानांचे क्रमांक लागलेला हवा. आणि ई-फायलिंगसाठी डिजिटल सहीचं टोकन टायपिस्टच्या हातात सोडून जाऊ नका, अगदी आमच्याही नाही.

१७ ऑगस्ट २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, १८ तारखेपासून कामकाज सुरू. तेही आमच्यासमोरच्या त्याच जुन्या इमारतीत! चाळीसहून अधिक वर्षं वकिलांनी आंदोलनं केली, बाबांनी त्यांची निवेदनं टाइप केली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे येतात. पूर्वी गठ्ठे घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायला लागायची. आमच्याकडची पहिली रिट याचिका त्याच वकीलसाहेबांनी आणली.

मराठी सातबारा, फेरफार, खरेदीखतं यांचा इंग्रजी अनुवाद हायकोर्टात लागतोच. आमचे नमुने नेणारा तो माणूस आता सीपीआरसमोर गाळा शोधतोय, असं कानावर आलं. शेजारचा गाळा आम्हीच भाड्याने घेतला आणि तिथे अनुवादाचं टेबल मांडलं.