स्टेंटनंतरचं वर्ष आणि प्लेटलेट रोखणाऱ्या दोन गोळ्या

हृदयविकाराचा झटका, घाईघाईने झालेली अँजिओप्लास्टी (तुंबलेली रक्तवाहिनी आतून मोकळी करणं) आणि ती उघडी राहावी म्हणून बसवलेला स्टेंट, हा भाग दवाखान्यातल्या लोकांनी पार पाडला. माझ्या हातात होतं ते त्यानंतरचं वर्ष. घरी सोडताना गोळ्यांची मोठी यादी मिळाली. त्यातल्या दोन गोळ्यांसाठी हृदयरोगतज्ज्ञांनी मला मुद्दाम बसवून घेतलं. 75 मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिवसातून एकदा आणि 90 मिलिग्रॅम टिकाग्रेलॉर दोनदा. "या दोन्ही कोणीही बंद करायला सांगितल्या, तरी आधी मला फोन करायचा," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मला कारण कळल्याशिवाय वर्षभर काही पाळणं जमत नाही, म्हणून विचारत राहिले. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थर फुटला की भिंतीतलं कोलॅजेन हे प्रथिन उघडं पडतं. प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, तिथे चिकटतात, थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी ही रसायनं सोडून आणखी प्लेटलेट बोलावतात आणि गुठळी धरते. झटका येतो तो बहुधा या गुठळीमुळे. स्टेंटची धातूची जाळीही रक्ताला परकीच. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला महिने लागतात आणि तोवर तिथेही गुठळी धरू शकते. अॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन तयार होऊ देत नाही, दुसरी गोळी एडीपीचा निरोप प्लेटलेटपर्यंत पोहोचू देत नाही. दोन वाटा, म्हणून दोन गोळ्या.

अॅस्पिरिनबद्दलची एक गोष्ट मला फार आवडली. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं तिचं एन्झाइम या गोळीने एकदा निकामी झालं की ती नवं बनवू शकत नाही. सात ते दहा दिवसांचं तिचं उरलेलं आयुष्य तसंच जातं. अस्थिमज्जेतून मात्र रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट येतात, आणि त्यांच्यासाठी रोजची छोटी गोळी पुरते. हे औषध 1899 पासून बाजारात आहे, पण ते नेमकं काय अडवतं हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 साली दाखवलं. पुढे 1988 मध्ये सतरा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या आयसिस-2 चाचणीत, झटक्यानंतर लगेच अॅस्पिरिन सुरू केलेल्यांमध्ये पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले. इतक्या साध्या गोळीने! हे वाचल्यावर ती घ्यायचा कंटाळा कधी आला नाही.

पहिली अडचण आली ती श्वासाची. नुसतं बसल्या बसल्या अचानक हवा पुरेना. हृदयच थकलं असं वाटून मी फार घाबरले. ईसीजी आणि इको दोन्ही ठीक निघाले. टिकाग्रेलॉरने दहातल्या एखाद्याला तरी असं होतं आणि फुप्फुसाला त्याने इजा होत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. पुष्कळांचा हा त्रास आपोआप जातो, माझा गेला नाही. तेव्हा त्यांनी टिकाग्रेलॉरऐवजी त्याच कामाचं क्लोपिडोग्रेल दिलं, आधी एक मोठा डोस आणि मग रोज 75 मिलिग्रॅम. हे औषध यकृतात गेल्यावरच कामाचं बनतं. ज्या एन्झाइममुळे ते बनतं, त्यालाच ओमेप्राझोल अडवतं. माझी पित्ताची गोळी ओमेप्राझोलचीच होती, ती बदलून पँटोप्राझोल आलं. पित्ताची गोळी कोणती चालते, हा प्रश्न क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं.

दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले तेव्हा घरच्यांनी प्लेटलेट मोजून घ्यायला लावल्या. आकडा अडीच लाखांच्या आसपास, अगदी व्यवस्थित. या गोळ्या बहुतेकांमध्ये प्लेटलेटची संख्या कमी करत नाहीत, त्यांचं एकमेकींना चिकटणं कमी करतात. रक्ताच्या साध्या तपासणीत ते दिसत नाही. डागांपेक्षा शौचाला काळं डांबरासारखं होतंय का, म्हणजे पोटात रक्तस्राव होतोय का, याकडे लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं.

खरी कसोटी दाढेने पाहिली. मुळाशी पू झाला होता, काढण्यावाचून इलाज नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या." स्टेंटला अजून सहा महिनेही झाले नव्हते. मी तिथूनच हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि दोघांचं बोलणं करून दिलं. एक दाढ काढायला दोन्हींपैकी कोणतीही गोळी थांबवायची नाही, असं ठरलं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवतात हे खरं, पण तीसुद्धा शक्य असेल तर पुढे ढकलतात. तोंडातलं रक्त दिसतं, तिथे दाबून धरता येतं, टाका घालता येतो. स्टेंटमध्ये धरलेल्या गुठळीचं तसं नसतं.

दातांच्या डॉक्टरांनी मग सगळी तयारी नीट केली. संध्याकाळी काही झालं तर दवाखाना उघडा असावा म्हणून सकाळची वेळ दिली. टाके घातले, गॉझ घट्ट चावून धरायला लावला, रक्त थांबवायला मदत करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक अॅसिडचं पाणी तोंडात धरायला दिलं. दुपारभर रक्त झिरपत राहिलं, संध्याकाळी थांबलं. दुखण्यावर आयब्युप्रोफेन नाही, पॅरासिटामॉल. अॅस्पिरिनला एन्झाइममध्ये जिथे बसायचं असतं त्या वाटेवर आयब्युप्रोफेन आधीच जाऊन बसतं, जणू कुलपात दुसरी किल्ली अडकलेली. काही तासांनी ते निघून जातं, पण तोवर अॅस्पिरिनही रक्तातून संपलेलं असतं. शिवाय दोन्हींमुळे पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते ती वेगळीच.

वर्ष पूर्ण झाल्यावर क्लोपिडोग्रेल बंद झालं. हा निर्णयही कॅलेंडर बघून आपला आपण घ्यायचा नसतो. रक्तस्रावाचा धोका किती, स्टेंट कुठे आणि केवढा, हे सगळं बघून कोणाचा काळ सहा महिन्यांवर येतो, तर कोणाचा वर्षापुढे जातो. माझं अॅस्पिरिन चालू राहिलं आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी रात्रीची स्टॅटिनची गोळीही. प्लेटलेट रोखून भिंतीतला थर कमी होत नाही, त्यासाठी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, खाली आणावं लागतं. माझ्यासाठी ठरवलेलं लक्ष्य 55 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आत आहे. शेवटच्या तपासणीत ते 61 आलं, म्हणून स्टॅटिनच्या जोडीला एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध सुरू झालं आहे.