रिपोर्ट आला होता, ३५ दिवस आधीच

बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं, तरी दवाखान्यातल्या रिपोर्ट मिळायच्या त्या एका खिडकीचा राग माझ्या मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

तपासण्या, दुर्बीण (आतडं आतून बघायची तपासणी), महात्मा फुले योजनेची मंजुरी, सगळं बरं पार पडलं. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांनी कागद नीट लावून दिले. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी नागपूरला ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा डावीकडचा गाठीचा भाग काढून दोन टोकं जोडली. सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली. आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढे, नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या वर.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरून ताप आला. "पोट दगडावानी लागते वं," म्हणाले. मी नाडी मोजली तर मिनिटाला १२० च्या वर. शेजारचे म्हणत होते, सकाळच्या एसटीने न्या. मी ऐकलं नाही, रात्रीच गाडी केली. आतड्याचा जोड सुटला होता. त्याला लीक म्हणतात आणि तो ऑपरेशननंतरच्या आठवड्या-दहा दिवसांत होऊ शकतो, हे सुट्टी देताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ताप, पळणारी नाडी, ताठ पोट, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

पुन्हा पोट उघडून धुतलं. उजवीकडे लहान आतड्याचं तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. सोळा दिवसांनी घरी आलो.

आता खिडकीचं. काढलेल्या आतड्याचा तपासणी रिपोर्ट आल्याशिवाय केमो ठरत नाही. केमो सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रिपोर्टच्या खिडकीवर गेले. माणसाने फाईलवरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि म्हणाला, "सॅम्पलच आलं नाही. सोमवारी या." पहाटे उठून, बाबांची पिशवी बदलून, एसटीने मी सोमवारी गेले. तेच उत्तर. पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद, उघडली तेव्हा पुन्हा तेच. मी विचारलं, आतडं काढलं तर सॅम्पल गेलं कुठे? "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर म्हणाले, खिडकीवर विचारा. इकडे शेतात कापूस फुटला होता, वेचायला माणूस नव्हता, आणि मी दिवस मोजत होते.

चौथ्या खेपेला मी खिडकीवर थांबलेच नाही. विचारत विचारत तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. पहिल्या भरतीचं सुट्टीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत तळाशी होतं, ते काढून दिलं. तिथल्या मुलीने जाड रजिस्टर उघडलं, ऑपरेशनच्या तारखेवर बोट ठेवलं, खाली सरकवलं. "ताई, हा तर कधीचा आलाय."

रिपोर्टवर तारीख होती ३५ दिवसांपूर्वीची.

झालं होतं ते एवढंच. लीकसाठी दुसऱ्यांदा भरती केलं तेव्हा नवा भरती नंबर पडला. आतडं गेलं होतं जुन्या नंबरावर. दुसऱ्या ऑपरेशनात तपासायला काही पाठवलंच नव्हतं, म्हणून नव्या नंबरावर कॉम्प्युटर खरंच "सॅम्पल नाही" दाखवत होता. आधी कधी भरती होता का, एवढं एकदा विचारलं असतं तर! मी तिथल्याच पायरीवर बसून रडले. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि चीडही येत होती.

तुमचा पेशंट दुसऱ्यांदा भरती झाला असेल तर दोन्ही नंबर सांगा, ऑपरेशनची तारीख सांगा. रिपोर्टमध्ये किती लसिका गाठी (आतड्याजवळच्या छोट्या गाठी, कॅन्सर पसरला की त्यांत दिसतो) तपासल्या तेही बघा, निदान १२ हव्यात. बाबांच्या १४ तपासल्या, दोनमध्ये कॅन्सर निघाला, म्हणजे तिसरी स्टेज. केमो लागणारच होती. ती दिवाळीनंतर, नवव्या आठवड्यात सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी सलाईन आणि मधे गोळ्या, अशा चार खेपा. त्या औषधाने थंडीत बाबांना गार लोट्याला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या. मी सगळं पाणी कोमट करून द्यायची.

पिशवीचं सांगायचं राहिलं. लहान आतड्यातून येणारं पाणी कातडी जाळतं. पिशवीची जी चकती पोटाला चिकटवतात, तिचं भोक सुरुवातीला मी मोठं कापत होते, भोवतालची कातडी लाल होऊन सोलली. मग नर्सताईंनी शिकवलं: पुठ्ठ्यावर माप घ्यायचं, तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, आणि पहिले दोन महिने माप पुन्हा पुन्हा घ्यायचं, कारण ते तोंड आक्रसत जातं. तालुक्याला पिशव्या मिळत नव्हत्या, नागपूरला गेलं की महिन्याच्या एकदम आणायची. पिशवी वारंवार भरायला लागली आणि लघवी कमी झाली की अंगातलं पाणी गेलं समजा. नुसतं साधं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या आणि दवाखान्याला कळवा.

केमो संपल्यावर आतड्याचं तोंड परत आत घेतलं आणि पिशवी बंद झाली. पहिले दोन महिने दिवसातून सात-आठदा शौचाला जावं लागे, आता दोन-तीनदा. खोकताना टाक्यांच्या जागी पोट वर येतं, तो हर्निया आहे. पट्टा बांधतात, ओझं उचलत नाहीत. दर तीन महिन्यांनी सीईएची रक्त तपासणी (कॅन्सर परत येतोय का यावर नजर ठेवणारी) चालू आहे, आतापर्यंतच्या सगळ्या चांगल्या आल्या. पुढच्या महिन्यात दुर्बीण आहे. फाईलच्या कव्हरवर जाड पेनाने मी दोन्ही नंबर लिहिलेत.