आमची वाटचाल : पान किती जुने चालेल?

२००७ साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गाळ्यात आमची फर्म सुरू झाली. काम एकच होते. कॉलेजच्या लॅब, सायबर कॅफे आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांची ऑफिसे इथे स्क्विड प्रॉक्सी, म्हणजे वाचक आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा प्रोग्राम, बसवायची आणि सांभाळायची. दोन एमबीपीएसच्या एका लाइनवर तेव्हा अख्खे कॉलेज चालायचे. लॅबमधल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी तेच पान हवे असायचे. पहिल्याने उघडलेले पान प्रॉक्सीने साठवून ठेवले की बाकीच्यांना ते बाहेर न जाता मिळे. स्क्विड १९९६ पासून मुक्त स्रोतात आहे, त्यामुळे ग्राहकाला परवान्याचा खर्च नव्हता. आम्ही पैसे घ्यायचो ते बसवण्याचे आणि देखभालीचे.

बसवणे तासाभराचे काम. खरे काम म्हणजे कॅशचे, म्हणजे साठवलेल्या पानांचे, नियम. कोणती गोष्ट किती वेळ साठवायची आणि कोणती साठवायचीच नाही, हे ठरवणे. आमचा सगळा धंदा आजही यावरच उभा आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

स्क्विडमध्ये ‘रिफ्रेश पॅटर्न’ नावाची ओळ असते. तिच्यात पत्त्याचा नमुना आणि तीन आकडे असतात: किमान मिनिटे, टक्के आणि कमाल मिनिटे. मूळ फाइलमधल्या शेवटच्या ओळीत ०, २० टक्के आणि ४३२० असे आकडे येतात. सर्व्हरने मुदत सांगितली नसेल तर हे आकडे लागू होतात. पान आणले तेव्हा ते बदलून दहा दिवस झाले असतील, तर त्याच्या २० टक्के म्हणजे दोन दिवस ते ताजे धरायचे. कमाल मर्यादा ४३२० मिनिटे, म्हणजे तीन दिवस. बरेच दिवस न बदललेले पान उद्याही बदलणार नाही, असा त्यामागचा तर्क. आणि वरून खाली वाचताना जी ओळ पहिली जुळेल तीच लागते. त्यामुळे सर्वसाधारण नियम वर आणि खास नियम खाली लिहिला, तर खालचा नियम कधीच चालत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर या नियमांची ताकद दिसते. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांची पॅकेज फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, एकदा प्रसिद्ध झाली की बदलत नाही. नवी आवृत्ती नव्या नावाने येते. म्हणून ‘डॉट डेब’ फाइलींना आम्ही १,२९,६०० मिनिटे, म्हणजे नव्वद दिवस देतो. पण त्या फाइलींची यादी रोज बदलते. तिलाही तीच मुदत दिली तर जुनी यादी आणि नवी फाइल यांचा मेळ बसत नाही आणि अपडेट अडते. यादीला किमान शून्यच हवे. शिवाय स्क्विड मुळात ४ एमबीपेक्षा मोठी वस्तू डिस्कवर ठेवत नाही. ती मर्यादा वाढवणारी ओळ ‘कॅश डिर’च्या, म्हणजे कॅशची जागा सांगणाऱ्या, ओळीच्या आधी लिहावी लागते. कॅश भरली की काय काढून टाकायचे, याचे धोरणही तिच्या आधीच येते. बँडविड्थ वाचवायची असेल तर वारंवार लागणाऱ्या फाइली मोठ्या असल्या तरी टिकवणारे एलएफयूडीए धोरण आम्ही निवडतो. लहान लहान पाने पटकन मिळायला हवी असतील तर जीडीएसएफ. हे ग्राहकाच्या गरजेवर ठरते, आमच्या आवडीवर नाही.

याच काळात एका शिक्षण संस्थेने आम्हाला घाईने बोलावले. एका विद्यार्थ्याने लॉगिन केले की दुसऱ्याच विद्यार्थ्याचे पान दिसत होते. आधीच्या माणसाने ‘हिट वाढवणारे नियम’ (हिट म्हणजे पान साठ्यातूनच मिळणे) म्हणून कुठूनतरी उतरवलेल्या ओळींत ‘इग्नोर प्रायव्हेट’ आणि ‘ओव्हरराइड एक्स्पायर’ असे पर्याय होते. पान तयार करणारा सर्व्हर स्पष्ट सांगत होता की हे एकाच वाचकासाठी आहे, आणि प्रॉक्सी ते ऐकतच नव्हती. आम्ही त्या ओळी काढल्या, कॅश रिकामी केली आणि संस्थेला लेखी कळवले. तेव्हापासून आमचा पक्का नियम आहे: सर्व्हरने ‘प्रायव्हेट’ किंवा ‘नो स्टोअर’ (साठवू नका) म्हटले असेल तर ते मोडायचे नाही. हिटचे प्रमाण कमी आले तरी चालेल. लोकांच्या गुणपत्रिका आणि खाती ही काही वेग दाखवण्याची जागा नव्हे.

मग एचटीटीपीएस सगळीकडे आले, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातला मजकूर मधल्या कुणाला वाचता येऊ नये असा पाठवणे. २०१४ मध्ये गुगलने शोधाच्या क्रमवारीत सुरक्षित साइटना थोडे झुकते माप द्यायला सुरुवात केली. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची, त्यासाठी लागणारी मोफत प्रमाणपत्रे मिळू लागली. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. वेबसाठी हे उत्तमच झाले. पण बंद नळीतून जाणाऱ्या मजकुराची कॅश मधली प्रॉक्सी करू शकत नाही. स्क्विडच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘हिट’ दिसेनासे झाले, सगळीकडे ‘कनेक्ट’च्या, म्हणजे नुसती बंद नळी जोडून दिल्याच्या, ओळी. लाइनीही वेगवान झाल्या. बऱ्याच कॉलेजांनी प्रॉक्सी ठेवली ती फक्त साइट अडवायला आणि नोंदी ठेवायला. पॅकेज फाइली मात्र साध्या एचटीटीपीवर येत राहिल्या, कारण त्यांची खात्री डिजिटल सहीवरून पटते. तेवढा जुना नियम अजून कामाला येतो.

आम्ही प्रॉक्सी उचलून दुसऱ्या टोकाला नेली. वाचकाच्या बाजूला नाही, तर साइटच्या सर्व्हरपुढे. इंजिनएक्स नावाचे सॉफ्टवेअर बसवायचे, प्रमाणपत्र तिथेच ठेवायचे आणि कॅशही तिथेच करायची. आमचे पहिले मोठे ग्राहक म्हणजे एक स्थानिक बातम्यांची साइट.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आमची परीक्षा पाहिली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या साइटच्या एका पानावर पातळीचा आकडा येई आणि पुण्या-मुंबईतली, परदेशातली कोल्हापूरची माणसे तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होती. मागचा सर्व्हर साधा होता. सगळा भार कॅशवर.

संपादकांना मी एकच विचारले, “सर, हा आकडा किती जुना दिसला तर चालेल?” ते म्हणाले, “अर्धा मिनिट. त्यापुढे नाही. लोक हे बघून घर सोडायचं की नाही ते ठरवतायत.” मुदत तीस सेकंद ठेवली. ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ चालू केले, म्हणजे पान कॅशमध्ये अजून नसेल तेव्हा हजार जण एकदम मागच्या सर्व्हरवर तुटून पडत नाहीत, एकच मागणी आत जाते. तरीही लॉगमध्ये ‘मिस’, म्हणजे साठ्यात न सापडलेली पाने, फार दिसत होते. शोधले तर फेसबुकवरून येणाऱ्या प्रत्येक दुव्याला वेगळी ‘एफबीसीएलआयडी’ची शेपटी जोडलेली होती, आणि कॅश प्रत्येक शेपटीला नवे पान समजत होती. कॅश ज्या किल्लीने पान ओळखते तिच्यातून ती शेपटी वगळली आणि मागच्या सर्व्हरने श्वास घेतला.

एक निर्णय मात्र आम्ही नेहमीच्या उलट घेतला. मागचा सर्व्हर बंद पडला तर जुनेच पान देत राहा, असे इंजिनएक्सला सांगता येते, आणि बातम्यांना आम्ही ते सांगतोच. कालची बातमी रिकाम्या पडद्यापेक्षा बरी. पातळीच्या पानाला ते बंद ठेवले. तासाभरापूर्वीचा आकडा आत्ताचा म्हणून दिसण्यापेक्षा ‘पान उपलब्ध नाही’ हे कधीही बरे. शिवाय आकड्याशेजारी नोंदीची वेळ छापायला लावली. जुलै २०२१ च्या पुरात हीच मांडणी पुन्हा वापरली.

आता नवा ग्राहक आला की आम्ही सर्व्हरची माहिती नंतर विचारतो. आधी साइटवरच्या पानांची यादी घेऊन मालकासोबत बसतो आणि प्रत्येकापुढे वेळ लिहून घेतो. गुळाचा भाव: सौदे सुरू असताना एक मिनिट, संध्याकाळनंतर तास. संपर्काचे पान: एक दिवस. लॉगिननंतरचे काहीही: साठवायचे नाही. बरेच मालक सुरुवातीला “सगळं ताजंच पाहिजे” म्हणतात. मग भाव बदलतो कधी, तो कोण भरतो, चुकीचा दिसला तर कुणाचे नुकसान होते, हे विचारत गेले की खरी उत्तरे मिळतात. त्या कागदावरून नियम लिहायला फार वेळ लागत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे दोन मुली कामाला लागल्या, दोघीही इथल्याच पॉलिटेक्निकच्या. लॉगमधली ‘कॅश स्टेटस’ची, म्हणजे कोणते पान हिट आणि कोणते मिस याची, नोंद रोज सकाळी त्याच वाचतात. दर वर्षी मे महिन्यात पातळीच्या पानाचे सगळे नियम आम्ही मागचा सर्व्हर मुद्दाम बंद करून तपासतो.