तुम्ही विचारलंत म्हणून : फाळणी कोणामुळे झाली?

फाळणीवरची पुस्तकं वाचतो हे कळलं, की लोक हमखास विचारतात, "मग सांगा, नेमकी कोणामुळे झाली?" बरेचदा विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो.

तो मी देत नाही. जीना, नेहरू, गांधी, माउंटबॅटन, कुणालाही पिंजऱ्यात उभं करा, पुरावा मिळतोच. मौलाना आझादांनी आपल्या आत्मवृत्तातली तीसेक पानं मोहोरबंद करून ठेवली होती. १९८८ मध्ये ती उघडली, तेव्हाही वाद मिटला नाही, नव्याने पेटला.

मी वाचतो ते त्या त्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं, हे बघत. सीमा आखणाऱ्या आयोगाचा प्रमुख, ब्रिटिश वकील रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला हिंदुस्थानात आला, तोही आयुष्यात पहिल्यांदा. पंजाब आणि बंगालवर रेघ मारायला हातात जेमतेम पाच आठवडे आणि १९४१ च्या जनगणनेचे आकडे. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर! तोवर बंगालमधल्या मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा होता आणि खुलन्यात तिरंगा. निवाड्यात मुर्शिदाबाद भारतात आणि खुलना पाकिस्तानात गेलं, मग दोन्हीकडचे झेंडे उतरवले. खुलन्यात पंधराला ज्याने मिठाई वाटली असेल, तो दोनच दिवसांत परदेशात होता.

म्हणूनच नवख्याला मी पाकिस्तानच्या मागणीवरचा डॉ. आंबेडकरांचा १९४० चा ग्रंथ आधी वाचायला सांगतो. मुद्दे पटोत न पटोत, लिहिणाऱ्याला शेवट माहीत नाही, हे त्याचं बळ. लोकसंख्येचे तक्ते, सैन्यातलं प्रमाण, तुर्कस्तान-ग्रीसमधली लोकांची अदलाबदल, सगळं ते वकिली थंडपणाने मांडतात. १९४७ ला अदलाबदल झालीच, फक्त तिची तयारी कुणी केली नव्हती.

आणि पुस्तक १५ ऑगस्टला संपत असेल तर खुशाल ठेवून द्या. सिंध अख्खाच पाकिस्तानात गेला. तिथे ना रेघ, ना आयोग, म्हणून पंजाबच्या मानाने त्याच्यावर लिहिलंही कमी गेलं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि हिंदू सिंध्यांची रीघ लागली. बोटीने मुंबईला उतरलेल्या कित्येकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या. १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता अजून 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतात. डोंबिवली-बदलापूरकडे राहत असाल, तर पुस्तकाआधी तिथे जाऊन या. नव्वदीच्या घरातली, बोलायला तयार असलेली माणसं अजून भेटतात.