परतणं आणि झाकण

घरी केलेल्या ‘चायनीज’मधला कोबी हमखास लोळागोळा होतो. कोपऱ्यावरच्या गाडीवर तोच कोबी करकरीत राहतो, वर त्याला तो हवाहवासा धुरकट वासही असतो. मग चर्चा सुरू होते : सॉस हलका आणला, अजिनोमोटो घातला नाही, कोबी जून होता. सॉस बिचारा निर्दोष आहे. सगळी भानगड पाण्याची आहे.

कोबी, सिमला मिरची, फरसबी, गाजर ह्यांत 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच. अर्धा किलो भाजी कढईत टाकली आणि तिच्यातलं फक्त 100 ग्रॅम पाणी सुटलं, तरी त्याची वाफ करायला सुमारे 226 किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर अडीच किलोवॅटचा धरू. त्यातली निम्मी धग कढईच्या कडेने निसटते आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला घाम फोडते. उरलेल्या सव्वा किलोवॅटला तेवढं पाणी उडवायला तीन मिनिटं पुरतात, आणि त्या तीन मिनिटांत भाजी स्वतःच्याच पाण्यात उकळत बसते. आपण हलवत असतो म्हणून त्याला परतणं म्हणायचं, एवढंच. चिनी हॉटेलातल्या भट्टीची ताकद घरच्या बर्नरच्या दहापट सहज भरते. तिथे पाणी सुटल्या जागीच उडून जातं. गाडीवरचा तो घोंघावणारा बर्नर त्याच जातकुळीतला.

ह्या प्रकाराला चिनी भाषेत छाओ म्हणतात. इंग्रजीतला ‘स्टर-फ्राय’ हा शब्द रूढ झाला तो 1945 साली अमेरिकेत निघालेल्या एका पाकपुस्तकातून. लेखिका बुवेई यांग चाओ, शिक्षणाने डॉक्टर; नवरा युएन रेन चाओ, नामांकित भाषाशास्त्रज्ञ. (आडनावातला चाओ वेगळा आणि कढईतला छाओ वेगळा. रोमन लिपीत दोघांची गल्लत होते, देवनागरीत होत नाही.) पद्धत मात्र फार जुनी. सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ ह्या शेतीविषयक चिनी ग्रंथात अंडी फोडून, हलवून, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि मीठ घालून तिळाच्या तेलात परतायची कृती आहे. म्हणजे भुर्जीच.

मोठा जाळ, बेताचं तेल, बारीक चिरलेले जिन्नस आणि चालता हात, ही छाओची चौकट. आपलं परतणं ह्याच्या जवळचं वाटतं खरं, पण बटाटा हातात घेतला की दोघांच्या वाटा फुटतात.

बटाट्याच्या काचऱ्या घ्या. तेलात मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, की काचऱ्या टाकून दोनदा वर-खाली करायच्या आणि वर ताटली ठेवून ताटलीत पाणी ओतायचं. आच मंद. ताटलीच्या गार बुडाला वाफ लागते, तिचे थेंब परत कढईत पडतात आणि बटाटा आठ-दहा मिनिटांत न करपता शिजतो. मीठ आधी घातलं तरी बिघडत नाही. सुटलेलं पाणी इथे कामालाच येतं. ताटली काढून शेवटची दोन मिनिटं आच वाढवली की कडा खरपूस होतात. खरं परतणं ते त्या दोन मिनिटांतलं, बाकी सगळी वाफेची कमाई.

चीनमध्ये घरोघरी बटाट्याच्या काड्यांची भाजी होते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काड्या, पाणी नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा धुतलेल्या. धुण्याचा कंटाळा केला तर अंगचा स्टार्च फुगून काड्या एकमेकींना आणि कढईला चिकटतात. मग निथळून, फडक्यावर कोरड्या करायच्या, हे सर्वांत महत्त्वाचं. रिकामी कढई धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत तापवायची, मग दोन मोठे चमचे तेल सगळीकडे फिरवायचं. त्यात सुक्या मिरच्या, लसूण आणि थोडी सिचुआन मिरी. (ही मिरी आपल्या तिरफळाची बहीण, दोन्ही झँथोझायलम ह्या एकाच वनस्पतिगटातल्या. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारी ती जिभेची झिणझिण तिथे बटाट्यात पडते.) काड्या टाकल्या की लगेच एक मोठा चमचा व्हिनेगर, कारण आंबटामुळे बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, विरघळत नाही आणि काडी ताठ राहते. दीड-दोन मिनिटं परतून शेवटी मीठ. खाताना दाताखाली करकर वाजायला हवी. आपल्याकडे पाहुण्यांना वाढली तर ‘बटाटा कच्चा राहिलाय हो’ असं कुणीतरी हळूच सुचवणार, हे नक्की.

घरच्या गॅसवर छाओ जमतं, पण कंजुषी करून. एका वेळी 200-250 ग्रॅमच भाजी घ्यायची आणि ती कोरडी हवी. गाजर, फरसबी, कोबी वेगवेगळे परतून ताटात काढायचे आणि शेवटी एकत्र करायचे. चौघांचं एकदम करायला गेलात की पुन्हा उकड. चिकनच्या पाव किलो पातळ कापांना एक छोटा चमचा सोया सॉस, तेवढंच कॉर्नफ्लॉवर, तेवढंच तेल चोळून वीस मिनिटं ठेवलं तर काप मऊ राहतात. ते कढईत पसरले की अर्धा मिनिट हात लावायचा नाही. सतत हलवायचं हा भट्टीवरचा नियम. दुबळ्या आचेवर सारखं हलवलं की काहीच नीट तापत नाही. सॉस मधोमध ओतू नये, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा, म्हणजे उतरता उतरता भाजतो. भांडं लोखंडी हवं. नॉनस्टिक रिकामं एवढं तापवलं तर त्याचा लेप खराब होतो.

कढई उडवायच्या भानगडीत मात्र पडू नये. 2020 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा ते सेकंदाला जवळजवळ तीन वेळा कढई झेलताना दिसले. ह्या आचाऱ्यांचे खांदे का दुखतात, हाही त्या अभ्यासामागचा प्रश्न होता. आपला कालथा बरा.

तरी झाकण अजिबात न सोसणारी एक भाजी आपल्याकडेही आहे : भेंडी. धुऊन, पुसून, मगच चिरायची. वाफ कोंडली की तार सुटते, मीठ आधी पडलं तरी सुटते. हे ज्या घरात पक्कं ठाऊक असतं, त्याच घरात नूडल्सच्या भाजीवर निवांत झाकण का पडतं, देव जाणे.

आता त्या धुरकट वासाबद्दल. दक्षिण चीनमधले, कँटनकडचे लोक त्याला ‘वॉक हे’, कढईचा श्वास म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, खूप तापलेल्या तेलात तळताना-परतताना निघणारा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ ह्या गटात घातला आहे. त्यामागच्या अभ्यासांत मोठा वाटा होता तो कधी सिगरेट न ओढलेल्या, पण फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या चिनी बायकांच्या नोंदींचा. तेव्हा खिडकी उघडी ठेवा, चिमणी असेल तर तेल ओतायच्या आधी सुरू करा आणि धुराची पहिली रेघ दिसली की भाजी टाका, दुसरीची वाट पाहू नका.