रायफलीला टेकू

रायफल घेताना मी कितीतरी महिने वाचन केलं, तिच्यावरची दुर्बीण घेताना दुकानदाराचं डोकं खाल्लं. आणि नेम जिच्यावर टिकतो ती टेकूची काठी शेवटी बागकामाच्या दुकानातून आणलेल्या, टोमॅटोच्या वेलांना लावतात त्या काठ्यांपासून गॅरेजमध्ये बनवली. परवाना नाही, पोलिसांची तपासणी नाही, कसलाच कागद नाही. रायफलीच्या बाबतीत त्यातलं काहीच टळत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये राहतो. इथं रो जातीच्या हरणांच्या शिकारीला जातो असं म्हटलं की गावाकडचे लोक फोनवर एकदम गप्प होतात. साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा सरळसरळ गुन्हा आहे आणि तो तसाच असावा. इथली परिस्थिती वेगळी. लांडगा आणि लिंक्स (मोठं रानमांजर) ब्रिटनमधून कित्येक शतकांपूर्वीच संपले, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या हरणांना खाणारं कुणी उरलेलं नाही. गंमत म्हणजे एके काळी दक्षिण इंग्लंडातून रो हरणंही संपली होती. 1800 च्या सुमारास ती याच डॉर्सेटमधल्या मिल्टन ॲबसला आणून सोडली, आणि आज पहाटे गाडी चालवताना ती रस्त्यात आडवी येतात.

मी जातो ते रान हेझलचं आहे. चॉकलेटात घालतात त्या हेझलनटचं झाड. ते दर सात-दहा वर्षांनी जमिनीलगत छाटतात, मग बुंध्यातून सरळसोट फुटवे येतात आणि त्यांच्या ताट्या, कुंपणं, काठ्या होतात. हे कोवळे फुटवे रो हरणांच्या फार आवडीचे. पुन्हा पुन्हा खाल्ले गेले की बुंधाच मरतो. म्हणून रानाच्या मालकाला हरणं आटोक्यात हवी असतात. नरांचा हंगाम 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर, माद्यांचा 1 नोव्हेंबर ते 31 मार्च. संख्या खरी कमी होते ती माद्यांच्या हंगामात, पण मिरवण्यासारखी शिंगं नरांना असल्यामुळे गप्पा सगळ्या उन्हाळ्याच्या.

आता काठी कशासाठी? रो हरीण खांद्याशी जेमतेम सव्वादोन फूट. मे महिन्यानंतर गवत आणि नेचे कमरेच्या वर जातात, त्यामुळे झोपून किंवा गुडघ्यावर बसून काही दिसत नाही. उभंच राहावं लागतं. उभं राहण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा: उंचावरून झाडलेली गोळी तिरकी खाली जाते आणि हरणापलीकडे जमिनीत घुसते. मागे माती दिसत नसेल तर चापाला बोट लावायचं नाही, हा इथला पहिला नियम. पण उभ्या माणसाच्या हातात रायफल कधी स्थिर राहत नाही. हृदय आणि फुप्फुसांचा भाग धरला तर आपल्याला साधारण दहा सेंटीमीटरचं वर्तुळ मिळतं. त्याच्या बाहेर गोळी लागली तर जखमी जनावर झुडपात शिरणार आणि तासन् तास तडफडणार. काठी त्यासाठी.

मला हे सगळं शिकवलं ते शेजारच्या गावातल्या एका निवृत्त वनरक्षकांनी. त्यांच्याकडे हेझलच्या दोन काठ्यांची जोडी होती, हात लावून लावून काळी झालेली. तशीच मला बनवायला लावली. हेझल हिवाळ्यात तोडायचं, रस खाली उतरलेला असताना. बुडाशी अंगठ्याहून थोडी जाड, शक्य तितकी सरळ आणि आपल्या उंचीहून वीतभर जास्त. सालीसकट जुडी बांधून थंड शेडमध्ये साधारण वर्षभर ठेवायची. घरात हीटरजवळ ठेवली की ती घाईने वाळते आणि उभी चिरते. वाळल्यावर वरच्या टोकापासून चार-पाच इंच खाली दोन्ही काठ्यांना भोक पाडून चामड्याची वादी ओवायची किंवा सायकलच्या ट्यूबची कडी घट्ट चढवायची. काठ्या फाकवल्या की वर बेचकं तयार होतं. बेचक्याच्या आतल्या बाजूलाही ट्यूब गुंडाळायची, नाहीतर लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज होतो, आणि शांत पहाटे तेवढा आवाज हरणाला पुरतो. शेवटी जवसाचं तेल चोळायचं.

दिसायला ही जोडी सुंदर. एका हातात मावते, चालताना टेकायला होते, ओढा ओलांडताना पाण्याची खोली बघायला होते, आणि उघडायला क्षणभर पुरतो. जवळच्या अंतरावर मी आजही तीच वापरली असती. पण तिनं रायफलीचं फक्त पुढचं टोक धरलं जातं. मागे दस्ता आपल्या खांद्यावर, आणि खांदा श्वासाबरोबर वरखाली होत राहतो. हरणांच्या शिकारीसाठी दिलेल्या परीक्षेत उभं राहून चाळीस मीटरवरून गोळ्या झाडायच्या होत्या, काठी चालत होती, तिथं या जोडीनं निभावलं. रानात मात्र ऐंशी-नव्वद मीटरवर हरीण उभं राहतं, आणि दुर्बिणीतली फुली त्याच्या खांद्यापासून पोटापर्यंत फिरत राहते.

तिवई बघितली. दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या तिवया हलक्या असतात, पण थंडीत हाताला चावतात आणि कुठं आपटल्या तर भांडं पडल्यासारख्या वाजतात. तिसरा पाय ब्लॅकबेरीच्या काटेरी वेलांत अडकतो तो वेगळाच. मुख्य म्हणजे दस्ता तसाच मोकळा.

म्हणून चार पायांच्या काठीकडे वळलो. तिला पुढे एक बेचकं आणि मागे एक पट्टा असतो, म्हणजे रायफल दोन्ही टोकांना टेकते. तयार मिळणाऱ्या शंभर पौंडांच्या वर जातात आणि बहुतेक सहा फुटी माणसाच्या मापाच्या. मी पाच फूट पाच इंच. पाय फाकवून ती खाली आणता येते, पण मग चार पाय इतके पसरतात की झाडांच्या दाटीत उभं राहायला जागा उरत नाही. इथं घरी बनवण्याचं ठरलं.

हिरवं प्लास्टिक चढवलेल्या पोलादी नळ्या बागकामाच्या दुकानात काही पौंडांत मिळतात. चार घेतल्या. दोन-दोनच्या दोन जोड्या, कात्रीसारख्या बोल्टवर फिरणाऱ्या. बोल्टला नायलॉनचं अस्तर असलेला नट लावायचा, कारण साधा नट चालता चालता सैल होतो. दोन नळ्यांच्या मध्ये नायलॉनची चकती, म्हणजे धातू धातूवर घासत नाही. मग पुढची आणि मागची जोडी एकमेकींना जोडायची आणि त्या किती फाकाव्यात ते ठरवायला मध्ये दोरी. या दोरीच्या लांबीवर सगळं माप अवलंबून आहे. मी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बैठकीच्या खोलीत, पडदे ओढून, ती काठीवर ठेवली आणि मान न वाकवता डोळा दुर्बिणीशी येईपर्यंत गाठ सरकवत राहिलो. बायको चहाचा कप घेऊन दारातच थांबली आणि परत गेली.

पुढच्या बेचक्यात रायफलीची नळी कधीच टेकवायची नाही, तिच्याखालचा लाकडी भाग टेकवायचा. नळीला कडक आधार लागला तर गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. मी बेचक्याला जाड रबर लावलं आणि डावा हात बेचक्याभोवती ठेवतो, म्हणजे रायफल आणि काठी एकत्र धरली जातात. पायांना काय लावायचं हा वेगळा वाद. म्हाताऱ्यांच्या काठीला असतात तसले रबरी बूट दगडावर आवाज करत नाहीत, पण इथली जमीन खडूच्या दगडाची, पावसात साबणासारखी निसरडी. मी मागच्या दोन पायांना बूट ठेवले आणि पुढच्या दोघांना उघडं टोक. वनरक्षकांना हे अजिबात पटलेलं नाही.

मैदानावर शंभर मीटरवरच्या कागदावर फरक लगेच दिसला. उभं राहूनही गोळ्या जवळजवळ झोपून झाडल्यासारख्या एका जागी आल्या. रानात मात्र उघडण्याची सवय हातात मुरावी लागते. हरणाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही, पण हालचाल फार लवकर कळते. म्हणून आता मी झाडाच्या आडोशाला असतानाच काठी उघडतो आणि उघडीच घेऊन पुढे सरकतो. एका जानेवारीत धुकं विरता विरता एक मादी कडेला आली. काठी स्थिर, फुली स्थिर, पण तिच्या मागे उताराऐवजी आभाळ. तिनं मान वर केली, भुंकली आणि गेली. पुढे त्याच कडेला, थोडं खालच्या बाजूला उभं राहून, मागे पूर्ण उतार घेऊन दुसरी मिळाली. पंचवीसेक किलोची, जागच्या जागी पडली. तिचं मटण बायकोनं काळ्या मसाल्यात केलं. चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे तेल जरा जास्त घालावं लागतं.

कुणी विचारलं तर मी सांगतो: दाट झाडीत चाळीस-पन्नास मीटरच्या आत काम असेल तर हेझलची जोडी, शेताच्या कडेनं फिरायचं असेल तर चार पायांची. दोन्ही बनवायला पुष्कळ वेळ लागतो आणि खर्च फार थोडा. सायकलची ट्यूब मात्र दरवर्षी बदलावी. ऊन-पावसानं ती तडकते, आणि तडकलेली ट्यूब नेमकी बेचकं उघडताना सुटते.