अ‍ॅलेक्साचं नंतर, आधी कालनिर्णय पाहा

शॉर्टफिल्म करायची ठरली की नागपुरातल्या पोट्ट्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, अ‍ॅलेक्सा मिनी दिवसाले कितीले पडते?" (अ‍ॅलेक्सा मिनी म्हणजे अ‍ॅरी कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा.) अरे बाप्पा, दिवसाचं भाडं तर फोनवर कोणीही सांगते, तो सगळ्यात सोपा आकडा. मुंबईहून कॅमेरा एकटा येत नाही ना, सोबत अटेंडंट येतो, मग त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट, रोजचा भत्ता, राहणं, जेवण, आणि प्रवासाचा दिवस कोणी अर्ध्या भाड्यात धरतो, कोणी पूर्ण, कोणी धरतच नाही, आणि वरून १८ टक्के जीएसटी. समृद्धी झाला म्हणून मुंबई काही जवळ आली नाही, ७०१ किलोमीटरचा टोल आणि डिझेल शेवटी तुमच्याच बिलात लागते. विमानाने आणायचं तर सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, १०० वॉट-अवरच्या वर गेलं की एअरलाइनची परवानगी, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे लावायच्या बऱ्याच व्ही-माउंट बॅटऱ्या ९८-९९ च्याच बनवतात.

माझं मत सरळ आहे. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, गावातलीच घ्या, पैसा लेन्स आणि फोकस पुलरवर (शॉट चालू असताना फोकस धरणारा माणूस) टाका.

गावात बॉड्या कोणाकडे? लग्नवाल्यांकडे. सोनीचा एफएक्स३ कॅमेरा आज नागपुरात लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे पडलेला असतो, आणि लग्नं कधी नसतात तर आषाढी ते कार्तिकी. त्या चार महिन्यांत भाव करता येतो, डिपॉझिटवर ऐकून घेतात, एखादी जास्तीची बॅटरी अशीच देऊन टाकतात. तुळशीचं लग्न झालं की विषय संपला, दाट तिथीच्या दिवशी दुप्पट देतो म्हटलं तरी बॉडी मिळत नाही. म्हणून शेड्यूल लावताना लोकेशनच्याही आधी कालनिर्णय उघडा. मे महिन्यात तर लग्नंही असतात आणि ऊनही, एफएक्स३ ची कागदावरची मर्यादा ४० डिग्री, अ‍ॅलेक्सा मिनीची ४५, आणि आपल्याकडे दुपारी पारा दोन्ही ओलांडतो. दुपारी बारा ते चार इनडोअर सीन लावा, नाही तर छत्री धरायला वेगळा माणूस ठेवा (डायरेक्टरसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी).

आता लेन्स. इथे पोट्टे फसतात, कारण पीएल माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी, पीएल सिनेमाच्या लेन्सची) सेट दिसला की डोळे चमकतात. एफएक्स३ ला पीएल बसतो, त्यात अडचण नाही, पीएलचं माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ५२ मिलिमीटर आणि सोनीच्या ई-माउंटचं १८, मधल्या ३४ मध्ये अ‍ॅडॅप्टर आरामात बसतो. पण कुक एस४ सारखे सेट सुपर ३५ या लहान सेन्सरसाठी बनलेले, एफएक्स३ च्या मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवर कोपरे काळे येणार. बरं क्रॉप करतो, सेन्सरचा मधलाच भाग वापरतो म्हणाल तर या कॅमेऱ्याचा सेन्सरच १२ मेगापिक्सेलचा, सुपर ३५ क्रॉपमध्ये फोरके व्हिडिओला पिक्सेल पुरत नाहीत. मग झाईस सीपी.३ किंवा सॅमयांगचे झीन पाहा, दोन्ही फुल फ्रेम झाकतात आणि दोन्ही ई-माउंटमध्येही येतात, म्हणजे अ‍ॅडॅप्टरची कटकटच नाही. फोटोच्या लेन्सवर काम होते पण बऱ्याच ऑटोफोकस लेन्सची रिंग नुसती फिरत राहते, खुणा नाहीत, फोकस पुलर कशावर मार्क लावणार?

सामान घेताना घाई करू नका, देणारा घड्याळ पाहत असला तरी. ट्रायपॉडवर लावा, बॉडीवर गोलातून रेघ गेलेली खूण असते तिथे मोजायच्या टेपचं टोक धरा, दोन मीटरवर बारीक छापलेला कागद चिकटवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, रिंग दोन मीटरच्या खुणेवर, आणि मॉनिटरवर मोठं करून अक्षरं वाचा. शार्प नसेल तर माउंट किंवा अ‍ॅडॅप्टरमध्ये गडबड आहे, तो पीस तिथेच बदलून घ्या. मग लांबचा एखादा मोबाइल टॉवर धरून इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, पाहा. शेवटी टॉर्च मागून मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस आहे.

आणि हे फक्त आपल्या नागपूरकरांसाठी, रात्री लेन्सची पेटी कूलरच्या खोलीत ठेवू नका. कूलर म्हणजे ओली हवा, फंगसला आयतं आमंत्रण. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर काढली की पेटी उघडायची घाई नको, काचेवर लगेच वाफ धरते, तेवढा वेळ कॉल शीटमध्येच (दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक) धरून ठेवा.

डेटाचं थोडक्यात. एफएक्स३ वर फोरके २५ फ्रेम ऑल-इंट्राला (प्रत्येक फ्रेम वेगळी साठवणारं रेकॉर्डिंग) सेकंदाला २५० मेगाबिट म्हणजे तासाला ११०-११५ जीबी, आणि कॉपी दोन जागी करायची, त्या हिशोबाने हार्ड डिस्क घ्या. परतीची वेळ मेसेजवर लिहून घ्या, काही ठिकाणी सकाळी दहाचे अकरा झाले की अख्ख्या दिवसाचं भाडं चढते.